चांगला उमेदवार पडतो, तेव्हा मतदार नेमकं काय करत असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवतात, वय तिशीच्या आत. त्यांच्याकडे विधानसभेला एक निवृत्त प्राध्यापक अपक्ष उभे राहिले. स्वच्छ माणूस, तालुक्यात सगळे मान देणारे. त्यांची अनामत गेली, आणि निवडून आला तो गुत्तेदारीतून, म्हणजे ठेकेदारीतून वर आलेला उमेदवार. 'लोकांनाच चांगला नेता नको असेल तर लोकशाहीचा उपयोग काय? आणि माझ्यासारख्याने करायचं काय?' असं त्यांनी विचारलंय.

मी बरीच वर्षं लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात निवडणुकीचं बूथनिहाय नियोजन करतो. जवळपास सगळ्या पक्षांसाठी केलंय, अपक्षांसाठीही केलंय, आणि मेहनताना घेऊन केलंय. तेव्हा हे साधुसंताचं उत्तर नाही.

आधी मतदाराला मेंढरू म्हणणं सोडून द्या. मराठवाड्याच्या मतदाराइतकी मोठमोठी माणसं पाडणारा मतदार महाराष्ट्रात शोधावा लागेल. १९९५ ला विलासराव देशमुखांना लातूरने घरी बसवलं. पुढे १९९९ ला त्यांनाच निवडून दिलं आणि ते मुख्यमंत्री झाले. २०१९ च्या लोकसभेला माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेडात पडले, चार वेळा खासदार राहिलेले चंद्रकांत खैरे औरंगाबादेत साडेचार हजारांच्या आत पडले, त्याच वर्षी परळीत मंत्री असलेल्या पंकजा मुंडे पडल्या. २०२४ ला जालन्यात रावसाहेब दानवे, १९९९ पासूनचे खासदार आणि केंद्रात राज्यमंत्री, लाखाहून जास्त मतांनी पडले. पक्ष वेगवेगळे, घराणी वेगवेगळी. 'यंदा पाडायचा' हे वाक्य आपल्याकडे पारावर जितक्या सहज निघतं, तितक्याच सहज ते मतपेटीत उतरतं.

याहून मोठा दाखला नांदेडचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे विधानसभेच्या मतदानाच्या दिवशीच लोकसभेची पोटनिवडणूक होती. मतदार एकाच खेपेला दोन यंत्रांवर दोन बटणं दाबत होता. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी आले आणि त्याच लोकसभा मतदारसंघातल्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीकडे गेल्या. नवऱ्याने एकीकडे आणि बायकोने दुसरीकडे दिलं असं काही घरांत झालंही असेल. पण एवढा फरक पडायला हजारो लोकांना दोन यंत्रांसमोर दोन वेगळे हिशोब करावे लागतात. दिल्लीसाठी एक माणूस, तालुक्यासाठी दुसरा.

मग असा हुशार मतदार तुमच्या प्राध्यापकांना मत का देत नाही? आमदाराकडून त्याला काय हवं असतं, तिथे याचं उत्तर आहे.

कुठल्याही आमदाराच्या घरी सकाळी सातला जाऊन बसा. कुणाची आई संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात भरती आहे, डॉक्टरला फोन हवा. कुणाचं नाव पीक विम्याच्या यादीत नाही. कुणाच्या पोराला भांडणात ठाण्यात बसवून ठेवलंय. पण या सगळ्यांत नमुना म्हणून मी डीपीचं, म्हणजे शेतातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरचं प्रकरण सांगतो. नोव्हेंबर-डिसेंबरात हरभरा, गहू पाण्यावर असतात आणि शिवारातला डीपी जळतो. त्या एका डीपीवर पंधरा-वीस मोटारी. कायद्याने तो ठरलेल्या मुदतीत बदलून मिळायला हवा. प्रत्यक्षात लाइनमन म्हणतो साहेबांना भेटा, साहेब म्हणतात डीपी शिल्लक नाही, आधी थकबाकी भरा. शेतकरी वर्गणी काढतात, जळालेला डीपी स्वतःच्या ट्रॅक्टरमध्ये घालून नेतात, तरी नंबर लागत नाही. मग त्यातला एक जण आमदाराच्या माणसाला फोन लावतो आणि दुसऱ्या दिवशी डीपी शिवारात येतो. त्या पंधरा-वीस घरांना पाच वर्षं हे लक्षात राहतं. त्या आमदाराने विधानसभेत किती तारांकित प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर तो बोलला, हे त्यातल्या एकालाही माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही पडलेली नसते.

आता सांगा, या कामाला लायक कोण? ज्याचा फोन अधिकारी उचलतो तो. ज्याच्याकडे चार पोरं, दोन गाड्या, तालुक्याला उघडं कार्यालय आणि दर आठवड्याच्या लग्नांना, मयतीला जायची तयारी आहे तो. गुत्तेदार या कसोटीवर प्राध्यापकापेक्षा सरस ठरतो. लोकांना चांगला नेता नको आहे असं मला कधी दिसलं नाही. त्यांना मध्यस्थ लागतो, कारण त्याच्याशिवाय कार्यालय हलत नाही. जिथे काम आपोआप व्हायला लागतं, तिथे त्या कामापुरती मध्यस्थाची किंमत उतरते. सातबारा ऑनलाइन मिळू लागल्यापासून सातबाऱ्यासाठी पुढाऱ्याच्या दारात कुणी जात नाही. डीपी, दवाखाना आणि ठाणं मात्र अजून फोनवरच चालतं.

उलट बाजूही बघा. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. १९९४ पासून अनुशेषाचा हिशोब मांडायची, निधी मागायची ही आपली हक्काची जागा होती. गोविंदभाई श्रॉफांच्या पिढीने तिच्यासाठी आयुष्य घातलं. ती बंद पडली आणि माझ्या माहितीतल्या एकाही बूथवर त्यावरून एक मत इकडचं तिकडे झालं नाही. मंडळ गेलं म्हणून कुणाचा डीपी जळत नाही. हे नुकसान सगळ्यांचं असतं, म्हणून कुणाच्याच घरचं नसतं. तुमच्या प्राध्यापकांच्या पत्रकात सिंचनाचा अनुशेष आणि शिक्षणाचा दर्जा हेच असणार, मी न पाहता सांगतो. मुद्दे खरे आहेत. फक्त ते घेऊन कुणी सकाळी सातला दारात येत नाही.

जातीबद्दल बोललो नाही तर तुम्ही म्हणाल, हा मुद्दाम टाळतोय. जात ही पहिली चाळणी आहेच. पण तिच्यामागेही हाच हिशोब दडलेला असतो: आपल्या माणसाचा फोन आपल्यासाठी लवकर लागेल. २०२३ च्या अंतरवाली सराटीतल्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर मराठा आणि ओबीसी अशी जी रेघ गावागावांत ओढली गेली, ती याहून खोल गेली. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या बांधावर जेवणारी माणसं २०२४ च्या लोकसभेला एकमेकांच्या दुकानात जायची बंद झाली, हे मी पाहिलंय. त्या निवडणुकीत बीडचा निकाल साडेसहा हजारांवर लागला आणि अशा चुरशीत उमेदवाराचा वकूब वगैरे कुणी बघत नाही. तरी हे कायमचं आहे असं मी मानत नाही. याच बीडने १९६७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवलं होतं. माणूस पार सातारा-सांगलीकडचा आणि चिन्ह कम्युनिस्ट पक्षाचं. कंधारने शेकापच्या केशवराव धोंडगेंना पुन्हा पुन्हा निवडून दिलं. आणि २०२४ मध्येच, लोकसभेला मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीला देणारा मतदार सहा-सात महिन्यांत विधानसभेला जवळजवळ सगळा उलटा फिरला. गावं तीच, जाती त्याच.

त्या उलटफेरात घराघरांत काय चाललं होतं तेही ऐकण्यासारखं आहे. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि मोंढ्यात त्याच्या बराच खाली भाव. त्यामुळे घरधनी सरकारवर जाम चिडलेला. त्याच घरात बाईच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे दरमहा १,५०० प्रमाणे पाच हप्ते, म्हणजे ७,५०० रुपये जमा झालेले. आमची पोरं घरोघर फिरून यायची तेव्हा ओसरीवर एक उत्तर मिळायचं आणि चुलीपाशी दुसरं. ज्यांनी फक्त ओसरीवर विचारलं, त्यांचे अंदाज सपशेल आपटले. ही लाच म्हणायची का? मी म्हणणार नाही. कुणाच्या पाया न पडता, कुणाची चिठ्ठी न घेता थेट खात्यावर पैसे येणं हा त्या बाईसाठी मध्यस्थाविना झालेला पहिला व्यवहार असेल, तर तिने त्याला मत देणं मला समजतं. निवडणुकीच्या तोंडावर तिजोरी उघडणाऱ्यांबद्दल मात्र मला वेगळं बोलायचंय, ते इथे नको.

पाकिटाबद्दल. शेवटच्या दोन रात्री पैसे वाटले जातात, हे लपून राहिलेलं नाही. पैसे देणं जितका गुन्हा तितकाच घेणंही, आयपीसीत होता आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतही आहे. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाकला तर शंभर मिनिटांत कारवाई अपेक्षित असते आणि तक्रार नाव न देताही करता येते. गावात तरी कुणी करत नाही, कारण फोटो कुठल्या ओट्यावरून काढलाय ते सगळ्यांना कळतं. पण पैशाने मत फिरतं हा समज बराचसा पुढाऱ्यांनीच पसरवलेला आहे. विधानसभेला दोन्हीकडून पाकिटं येतात, लोक दोन्ही घेतात आणि ठरवलं होतं तिथेच मत देतात. पाकीट न देणाऱ्याबद्दल मात्र 'आमच्या वस्तीला मोजलंच नाही' अशी भावना होते. ग्रामपंचायतीला गोष्ट वेगळी. तिथे वॉर्ड पाच-सात मतांवर जातो, म्हणून एकेका मताचा भाव चढतो.

पैशाचं खरं काम आधीच झालेलं असतं, उमेदवार ठरताना. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख. मतदारसंघात सव्वातीन लाख मतदार धरा, म्हणजे माणशी बारा रुपयांच्या आसपास. त्यात मंडप, गाड्या, डिझेल, पत्रकं आणि कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता. प्रत्यक्षात काय लागतं ते मी लिहिणार नाही, पण पक्षाच्या मुलाखतीत 'तयारी किती आहे?' हा प्रश्न कशाबद्दल असतो हे आत जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ती तयारी असणारे मोजकेच असतात. साखर कारखाना किंवा शिक्षणसंस्था असलेली घराणी, प्लॉटिंगवाले आणि गुत्तेदार. यांच्यातून दोन नावं छापून येतात आणि मग आपण मतदाराला विचारतो, तू चांगला का नाही निवडलास?

मतदारासमोर घेण्यासारखा माणूस नसला की काय होतं, ते लातूर ग्रामीणने २०१९ ला दाखवलं. युतीत ती जागा शिवसेनेला सुटली. तिथे काम करत आलेला भाजपचा कार्यकर्ता बिथरला आणि निकालात दुसऱ्या क्रमांकावर नोटा आला, २७ हजारांहून जास्त मतं घेऊन. सेनेचा उमेदवार त्याच्याही खाली. एक लाखाहून जास्त मतांनी काँग्रेसचे धीरज देशमुख जिंकले. पाच वर्षांनी भाजपने स्वतःचा माणूस दिला तेव्हा तेच धीरज देशमुख काही हजारांनी पडले. म्हणजे २०१९ लाही विरोधाचं मत होतंच, ते घ्यायला माणूस नव्हता.

तुमच्या प्राध्यापकांचं गणित बूथवर कसं चुकलं असेल तेही सांगतो. हा माझ्या धंद्याचा भाग आहे. एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे बूथ. एका बूथची यादी म्हणजे हजार-एक नावं. आम्ही रात्री ती यादी गावातल्या दोन-तीन जाणत्यांसमोर ठेवतो आणि नाव-नाव वाचतो. हा आपला. हा त्यांच्या भावकीचा, पण त्याची बहीण आपल्या पाहुण्यांत दिलेली, तिला फोन लावा. हे तिघे पुण्याला चाकणच्या कंपनीत, तिकिटाचं बघावं लागेल. ही म्हातारी मयत, नाव अजून आहे. हे पूर्ण घर कारखान्याला, ऊसतोडीला. बीड, धाराशिवच्या याद्यांत हा शेवटचा शेरा पानोपानी येतो. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात असतात. त्यांना टपाली मत नाही. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये बाहेरगावाहून मत देता येईल असं यंत्र पुढे आणलं होतं, ते पक्षांच्या हरकतींपुढे सरकलं नाही. मग त्यांना गावी आणायचं कुणी? मुकादमाने, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्याने. गाडी कुणाच्या डिझेलवर येते, त्यावर त्या गाडीतली मतं कुठे जाणार याचा अंदाज आम्ही बांधतो. उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेला मजूर मुकादमाला नाही म्हणेल अशी अपेक्षा शहरातल्या खुर्चीवर बसून करू नये.

प्राध्यापकांकडे ही यादी वाचणारी माणसं साडेतीनशेपैकी किती गावांत असतील? मतदानाच्या दिवशी केंद्रापासून दोनशे मीटरच्या बाहेर उमेदवारांची टेबलं लागतात. गावकरी मत द्यायला जाताना ती टेबलं बघतो. ज्याचं टेबलच नाही त्याच्याबद्दल तो म्हणतो, 'माणूस चांगलाय, पण याचं काही खरं नाही.' आणि मत वाया घालवायचं नाही म्हणून दोघा मोठ्यांपैकी जो कमी नकोसा, त्याच्याकडे वळतो. प्राध्यापकांना मनातून पसंत करणारे त्यांच्या मतांच्या कितीतरी पट असतील. पण सहावा हिस्सा मतं मिळाली नाहीत की अनामत जाते आणि कागदावर राहतं ते एवढंच.

आता मला जास्त खटकतं ते सांगतो. पूर्वी माणसं घडायच्या जागा होत्या, त्या एकेक करून बंद पडल्या. मुक्तिसंग्रामाची पिढी तर सोडाच, तिची शाळाच वेगळी होती. पण १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन, पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची सोळा वर्षं, यांतून दोन्ही-तिन्ही बाजूंनी कार्यकर्ते तयार झाले. सभेत बोलणं, निवेदन लिहिणं, मोर्चा शांत ठेवणं हे त्यांना पंचविशीच्या आत येत होतं. विलासराव बाभळगावचे सरपंच होते, मग पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि १९८० मध्ये आमदार. गोपीनाथ मुंडे विद्यार्थी चळवळीतून आले. आज कॉलेजच्या निवडणुका नव्वदच्या दशकापासून बंद आहेत. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद झाली, प्रत्यक्षात पोरांच्या हाती काही आलं नाही. औरंगाबाद महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ तशाच. ज्या वयात एखादा पोरगा गटातून निवडून येऊन बजेट वाचायला शिकला असता, त्या वयात तो कुणाच्या तरी वाढदिवसाचे फ्लेक्स लावत राहिला. मग पुढचा आमदार येणार कुठून? ज्याच्याकडे पैसा आहे किंवा ज्याचा बाप आमदार आहे तिथून.

आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात सांगितलं होतं की धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आपल्याकडे हे वाक्य विरोधकाला ऐकवायला वापरतात. स्वतःच्या नेत्याच्या गाडीवर जेसीबीने फुलं उधळताना ते कुणाला आठवत नाही.

तुम्ही काय करायचं? विधानसभेचं डोक्यातून काढा, निदान दहा वर्षं. तुमचं कृषी सेवा केंद्र आहे म्हणजे दोनशे-चारशे शेतकऱ्यांची उधारी, पीक आणि स्वभाव तुम्हाला माहीत आहेत. एवढं भांडवल त्या प्राध्यापकांकडे नव्हतं. आपल्या गावच्या पीककर्ज देणाऱ्या सोसायटीची निवडणूक कधी आहे ते विचारा आणि संचालक म्हणून उभे राहा. पीककर्ज कुणाला का मिळत नाही हे आतून कळेल. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. बहुतेक गावांत त्या कागदावर होतात, सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. तिथे एकटे जाऊन भांडू नका, गावात वाईट दिसतं आणि उपयोग शून्य. पाच-सहा जण जा आणि एकच कागद घेऊन जा. ई-ग्रामस्वराजवर तुमच्या ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे किती पैसे आले आणि कशावर खर्च पडले ते दिसतं. त्यातलं एखादं काम निवडा, म्हणजे नालीचं किंवा शाळेच्या खोलीचं. शांतपणे विचारा की हे कुठे झालंय ते दाखवा. सरपंच आता थेट लोकांतून निवडला जातो, त्यामुळे त्याला या प्रश्नाची भीती सदस्यांपेक्षा जास्त वाटते.

दुसरं, पुढच्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या उमेदवारांची शपथपत्रं, म्हणजे फॉर्म २६, उतरवून घ्या. लोक गुन्ह्यांचा रकाना बघतात आणि थांबतात. आपल्याकडे अर्धे गुन्हे रास्ता रोकोचे असतात, त्यावरून काही ठरत नाही. तुम्ही मागच्या वेळची मालमत्ता आणि यावेळची शेजारी ठेवा, पाच वर्षांचं आयकर विवरणातलं उत्पन्न बघा, सरकारी देणी आणि सरकारी ठेके हे रकाने वाचा. हे एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दुकानात लावा. खाली स्वतःचं मत लिहू नका. खत घ्यायला आलेला माणूस ते वाचेल आणि बोलायचं ते तोच बोलेल.

आणि प्राध्यापकांना एकदा भेटा. त्यांना विचारा की साडेतीनशेपैकी कोणत्या बूथवर त्यांना पन्नासपेक्षा जास्त मतं पडली. निकालाचा बूथनिहाय तक्ता, ज्याला आम्ही फॉर्म २० म्हणतो, तो मिळतो. अशी वीस गावं निघाली तर त्या गावांत त्यांचं नाव कोण घेत होतं ते शोधा. जिल्हा परिषदेच्या एका गटाला तेवढी गावं भरपूर होतात.